लाइटिंग बघून नंबर देऊ नका, मॉडेल उलटं करून बघा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आपल्याकडच्या एका प्रदर्शनाची बातमी आली होती, फोटोसकट. त्यात पहिला नंबर आलेल्या रेल्वे मॉडेलचं भरपूर कौतुक होतं. बक्षीस घेणाऱ्या पोरांचे चेहरे बघून मलाही बरं वाटलं, त्या पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती नंबर कसे काढले त्याबद्दल, आणि हे दरवर्षी होतंय, एकाच ठिकाणी होतंय असंही नाही, शाळेचं प्रदर्शन असो, गणपतीच्या देखाव्यांची स्पर्धा असो नाहीतर कॉलेजचा टेक फेस्ट असो, रेल्वेचं मॉडेल आलं की जे सगळ्यात मोठं, ज्यात जास्त दिवे आणि ज्यातून धूर निघतो ते पहिलं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

आधी माझ्याबद्दल थोडक्यात. मी भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, आता रिटायर आहे, आणि रेल्वेचे छोटे मॉडेल बनवायचा नाद मला नोकरीत असल्यापासून आहे. त्या प्रदर्शनाला मी गेलो होतो, सगळे टेबल फिरून बघितले.

पहिल्या नंबरचं मॉडेल म्हणजे दोन टेबल जोडून केलेला मोठा लेआउट, डोंगर, बोगदा, पूल, स्टेशनवर एलईडीच्या माळा. गाडी विकतची, ट्रॅक विकतचा, बिल्डिंगाही विकतच्या. गाडी बोगद्यातून निघाली की टाळ्या पडायच्या. आता यात मेहनत नाही असं मी म्हणणार नाही, वायरिंग कुणीतरी केलंच ना. पण इंजिनवर डब्ल्यूएपी-४ लिहिलेलं आणि खाली एकेका बोगीला, म्हणजे चाकांच्या चौकटीला, दोन-दोनच चाकांचे जोड. डब्ल्यूएपी-४ ला एका बोगीला तीन जोड असतात, म्हणजे एकूण सहा एक्सल, भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून कोणतंही लहान पोरगं मोजून सांगेल. वर दोन्ही पेन्टो, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारे दांडे, उचललेले, एसी लाइनवर इंजिन चालताना सहसा मागचा एकच पेन्टो वर असतो. आणि दुसऱ्या लूपवर वाफेचं इंजिन एलएचबीचे, म्हणजे नव्या जर्मन बनावटीचे लाल डबे ओढत होतं. आपल्याकडे ब्रॉडगेजवरचं रोजच्या सेवेतलं वाफेचं इंजिन १९९५ ला संपलं आणि एलएचबी डबे जर्मनीहून आले ते २००० च्या सुमारास, म्हणजे या दोघांची भेट रोजच्या गाडीत कधी झालीच नाही. परीक्षकांनी यातलं काहीच विचारलं नाही.

आता त्याच हॉलमध्ये कोपऱ्यात, पंख्याखाली, एका पोराने एक डबा ठेवला होता. एकच डबा आणि वीतभर ट्रॅक. पाचोरा-जामनेरच्या छोट्या गाडीचा डबा, आपल्या पीजेचा. नववी-दहावीतला पोरगा असेल. लोक येत होते, बघत होते, "एवढंच का?" म्हणून पुढे जात होते. मी त्याला विचारून डबा हातात घेतला आणि उलटा केला. खाली ब्रेकचं सगळं लिंकेज, रॉड, लिव्हर, हँगर सगळं जागच्या जागी, जे टेबलावर ठेवल्यावर कुणालाच दिसणार नाही ते सुद्धा. बॉडी पातळ प्लास्टिक शीटची, ब्लेडने कापलेली, कोपऱ्याचे जोड नखाने चाचपून बघितले तरी लागत नव्हते. खिडक्यांचे गज म्हणजे जुन्या मोटरच्या कॉइलमधली तार, आणि ते सगळ्या खिडक्यांत सारख्या अंतरावर, अगदी समांतर. मी विचारलं हे कसं जमवलं, तर पोराने खिशातून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला, त्याला सुईने ओळीत भोकं पाडलेली, प्रत्येक खिडकीची तार आधी त्यात ओवून मग चिकटवायची. म्हणजे पोराने स्वतःचा जिग बनवला होता! आमच्याकडे अप्रेंटिस पोरांना हे शिकवायला वेळ लागायचा, की हातावर भरवसा ठेवू नको, जिग बनव, मग दहावा पीस पण पहिल्यासारखाच निघतो. हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. पाचोऱ्याकडचे एक आजोबा शेजारी उभे होते, ते त्याला म्हणाले, "हाऊ डबा तूच बनाडा का रे भाऊ?" संपूर्ण दिवसात त्याला हा प्रश्न विचारणारे ते पहिले असावेत. परीक्षकांच्या कागदावर या डब्यापुढे काय लिहिलं माहीत नाही, पण उत्तेजनार्थ सुद्धा नंबर आला नाही.

हे भुसावळच्या आसपास घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. इथे एवढं मोठं यार्ड, इलेक्ट्रिक लोको शेड, पीओएचचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीचं वर्कशॉप, प्रत्येक गल्लीत एक तरी रिटायर ड्रायव्हर, गार्ड, फिटर, ट्रॅकमन. खऱ्या गाडीची एवढी माहिती असलेलं दुसरं गाव महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही, आणि मॉडेल तपासायला आपण बोलावतो कुणाला, तर जो पाहुणा उद्घाटनाला आला त्यालाच. पाहुण्यांचा मान ठेवा, हार-नारळ द्या, पण मार्क त्यांच्या हातात देऊ नका.

मग बघायचं काय, तर सांगतो, फार अवघड नाही.

सगळ्यात आधी माप. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, हा जगात सगळ्यात जास्त चालणारा स्केल, त्यात आपला साधा आयसीएफ डबा, ज्याची बॉडी २१,३३७ मिलिमीटर लांब असते, तो साधारण साडेचोवीस सेंटिमीटर भरला पाहिजे. एलएचबी लांब, तो सत्तावीसच्या आसपास जातो. खिशात पट्टी ठेवली की अर्ध्या मिनिटाचं काम. बाजारातले बरेच खेळण्यातले डबे लांबीला कापलेले असतात, म्हणजे कमी गोलाईच्या ट्रॅकवर वळावेत म्हणून, त्यामुळे खिडक्या पण कमी बसतात. पोराने स्वतः बनवलेला डबा मापात असेल तर त्याने खरा डबा मोजलाय किंवा ड्रॉइंग शोधलंय, ही अर्धी कारागिरी तिथेच दिसते.

मग गिट्टी, म्हणजे रुळाखालची खडी. हसू नका, गिट्टीवरून माणूस कळतो. रेल्वेच्या गिट्टीचा खडा जास्तीत जास्त ६५ मिलिमीटर, म्हणजे १:८७ ला पाऊण मिलिमीटर. त्यापेक्षा मोठा खडा टाकला तर ट्रॅकवर धोंडे पडल्यासारखं दिसतं, आणि बहुतेक जण फिश टँकचे रंगीत खडे आणून ओततात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तापीची वाळू आणतात, धुतात, वाळवतात आणि चहाच्या गाळणीतून चाळतात, वर राहिलेली फेकून देतात आणि खाली पडलेली पुन्हा कापडातून काढतात, म्हणजे धूळ निघून जाते. मग ती पातळ फेव्हिकॉलने, ड्रॉपरने थेंब थेंब सोडून बसवतात आणि पाण्यात आधी भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकतात, नाहीतर थेंब वाळूवर गोळा होऊन बसतो, आत मुरतच नाही. स्लीपरमधलं, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर खऱ्यात साधारण ६० सेंटिमीटर, मॉडेलवर सात मिलिमीटर. परीक्षकाने वाकून एवढं बघितलं तरी त्याला कळेल की समोरच्याने ट्रॅक बघितलाय का फक्त रुळ बघितलेत.

गाडी चालते कशी ते तर बघाच. सगळ्यांना वाटतं जोरात पळाली म्हणजे भारी. ताशी ६० किलोमीटरचा वेग १:८७ ला काढला तर सेकंदाला १९ सेंटिमीटर येतो, म्हणजे एक मीटर जायला पाच सेकंदांहून जास्त. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि मोजा, प्रदर्शनातल्या बहुतेक गाड्या राजधानीच्या तिप्पट वेगाने फिरत असतात. खरं कौशल्य गाडी हळू चालवण्यात आहे, पॉइंटवरून, म्हणजे रुळ बदलायच्या जागेवरून, मुंगीच्या पावलाने गेली आणि अडकली नाही, दिवा विझला नाही, चाक उतरलं नाही, म्हणजे रुळाचे जोड सपाट आहेत, चाकं साफ आहेत, सोल्डर पक्कं आहे, वजन बरोबर बसवलंय. हे सगळं एका हळू फेरीत कळतं, धूर सोडून कळत नाही.

रंगाबद्दल आपल्या खान्देशाला वेगळं बोललं पाहिजे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, अशा हवेत स्प्रे मारला की रंग पृष्ठभागावर पोचायच्या आधीच अर्धा वाळतो आणि डब्यावर बारीक भुकटी बसल्यासारखा खरखरीत होतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा त्रास एवढा नसेल. आपल्याकडे ज्याचा रंग गुळगुळीत आला त्याने एकतर पहाटे उठून मारलाय किंवा थिनरचं प्रमाण बदलून बदलून बघितलंय, तो मार्कांना पात्र आहे. आणि गाडी चकचकीत नवी दिसली म्हणजे चांगला रंग असं पण नाही. दीपनगरच्या पॉवर स्टेशनला कोळसा नेणारी बॉक्सएन वॅगन कधी चकचकीत बघितलीय का? बोगीवर ब्रेकची तांबूस धूळ, दाराखाली पाण्याचे ओघळ, बंद डब्याच्या छतावर काजळी, हे सगळं मॉडेलवर आणणं म्हणजे वेदरिंग, आणि ते बेताने, थोडंसंच करायला जास्त हात लागतो. जिकडेतिकडे काळा रंग फासला की ते वेदरिंग होत नाही, गाडी जळाल्यासारखी दिसते. घाण कुठे साचते आणि का, हे ज्याला माहीत आहे त्याचंच वेदरिंग पटतं.

आता मोठा प्रश्न, विकतचं आणि हाताने केलेलं. इथे मी कडक नाही. रेडीमेड इंजिन आणलं म्हणून बाद करा असं मी म्हणणार नाही, चांगली मोटर, गिअर घरी बनवणं प्रत्येकाला जमणार नाही आणि गरजही नाही. पण काय आणलं आणि काय केलं हे लिहून द्यायला लावा. एक पानाचा फॉर्म, मॉडेलशेजारी ठेवायचा, त्यात बनवणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं की बॉडी कशाची, माप कुठून घेतलं, कुठला भाग विकत आणला, कुठे अडलं, कसं सोडवलं. पप्पांनी किंवा गल्लीतल्या सुताराने मदत केली असेल तर ते पण लिहायचं, त्यात लाज काय. थ्रीडी प्रिंटचं पण तसंच. कोणी म्हणतं मशीनने काढलं, यात हात कुठे आला. मी म्हणतो ज्याने स्वतः डबा मोजून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग केलं त्याचा हात त्यात नक्की आहे, आणि ज्याने नेटवरून फाइल घेऊन फक्त प्रिंट मारली त्याला साफसफाई आणि रंगाचे मार्क द्या, प्रिंटच्या थरांच्या रेषा घासून काढल्यात का बघा, तेही काम सोपं नसतं. फरक कळायला विचारावं लागतं, एवढंच.

हे मी मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन नावाची संस्था १९३५ पासून आहे, मिलवॉकी शहरात सुरू झालेली, त्यांची मार्क द्यायची पद्धत ठरलेली आहे. एकूण १२५ मार्क. बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, खऱ्या गाडीशी किती जुळतं त्याला २५, रंग आणि त्यावरची अक्षरं याला २५, आणि मुळापासून स्वतः किती बनवलं त्याला १५. ८७.५ मार्क मिळाले की मेरिट सर्टिफिकेट. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या मेरिटसाठी तुमचं मॉडेल दुसऱ्याच्या मॉडेलशी लावत नाहीत, ठरलेल्या मापाशी लावतात, त्यामुळे एका दिवशी दहा जण पास होऊ शकतात आणि कधी एकही नाही. आकाराला मार्क नाहीत, दिव्यांना वेगळे मार्क नाहीत. स्वतः बनवण्याला फक्त पंधराच कसे, असं मला पण आधी वाटलं होतं, पण विचार केला तर ते बरोबर आहे, कारण घरी बनवलंय पण वाकडं आहे, तर ते नीट जोडलेल्या किटच्या वर जाऊ नये. बांधणीला चाळीस मार्क ठेवलेत ते त्याचसाठी. आणि आपला पीजेचा डबा या कागदावर धरला तर तो पाचही रकान्यांत मार्क घेऊन जातो, दोन टेबलांचा लेआउट बांधणीत आणि खऱ्याशी जुळण्यात मागे पडतो.

एक गोष्ट मात्र आपल्याला आपल्या हिशोबाने ठरवावी लागेल, ती म्हणजे गेज, दोन रुळांमधलं अंतर. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, ते १:८७ ला सव्वाएकोणीस मिलिमीटर येतं. पण बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ च्या गेजवरून बनलाय. म्हणजे आपलं कुठलंही इंजिन त्यावर ठेवलं की खालून जवळजवळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद दिसतं. यासाठी पोरांचे मार्क कापणं अन्यायाचं होईल, ट्रॅकच तसा मिळतो. पण कुणी स्वतः रुळ आणून, स्लीपर कापून सव्वाएकोणीसचा ट्रॅक घातला असेल तर त्याला भरभरून द्या. इंग्लंडमध्ये पण हाच वाद आहे, त्यांचा ओओ स्केल १:७६ चा आणि ट्रॅक तोच साडेसोळाचा, म्हणून तिथले काही हौशी लोक हाताने १८.८३ मिलिमीटरचा ट्रॅक घालतात, फक्त बरोबर दिसावं म्हणून. आणि गंमत बघा, पीजेचं गेज ७६२ मिलिमीटर, ते १:८७ ला पावणेनऊ मिलिमीटर येतं आणि बाजारात एन स्केलचा ट्रॅक मिळतो नऊचा. पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसतही नाही. त्या पोराने नेमका हाच ट्रॅक घेतला होता आणि मी विचारल्यावर हा सगळा हिशोब त्याने मला वहीत दाखवला. डब्याला ब्रॉडगेजसारखे बाजूला धक्का झेलणारे दोन बफर न लावता मधोमध एकच लावला होता, तेही बरोबर.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती बक्षिसापेक्षा मोठी आहे. पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर, शेंदुर्णी, पहूर करत जाणारी ती गाडी शंभर वर्षं चालली आणि कोविडच्या वेळी बंद झाली ती झाली, आता तिथे ब्रॉडगेज होणार. मोठी गाडी यावी, लोकांची सोय व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण छोटी गाडी पुन्हा धावणार नाही, आणि तिचे डबे कसे होते, पायरी केवढी होती, खिडकीला गज किती होते, हे उद्या मापात बघायचं असेल तर अशाच मॉडेलात बघायला मिळेल. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून लोकांना बघायला खुलं आहे, आपल्याकडच्या किती शाळांच्या सहली तिथे जाऊन आल्यात. रेल्वेवर जगणाऱ्या भुसावळ-जळगावात तसं काही नाही. ते होईल तेव्हा होईल, पण त्यात ठेवायला नीट मापातली मॉडेलं लागतील, आणि ती बनवणारी पोरं आपण आज कोपऱ्यात बसवतोय. ज्याला नंबर मिळतो तसंच पुढच्या वर्षी सगळे बनवतात, हे मी बघत आलोय. एका वर्षी धुराला बक्षीस मिळालं, तर पुढच्या वर्षी चार टेबलांवर धूर.

काही लोक म्हणतात छंद आहे, त्यात मार्क कशाला, ज्याला जे आवडतं ते करू द्या. घरी करायचं तर करू द्याच, कोणी अडवत नाही. पण स्पर्धा म्हणून नावं घेतली, फी घेतली, ट्रॉफी ठेवली, मग कसं तपासलं ते सांगावं लागतं. आणि मार्क म्हणजे फक्त नंबर नाही, मार्कांचा कागद पोराच्या हातात परत गेला पाहिजे, त्यावर दोन ओळी लिहून, की रंग छान आहे, पुढच्या वेळी डबे जोडायच्या कपलरची उंची बघ, छताचा जोड उघडा पडलाय. हरलेल्या पोराला त्या दोन ओळींतून जेवढं शिकायला मिळतं तेवढं ट्रॉफीतून जिंकलेल्याला मिळत नाही.

तर आयोजक मंडळींना माझी विनंती अशी की पुढच्या प्रदर्शनात रेल्वे मॉडेलसाठी मार्कांचा कागद आधीच फॉर्मसोबत द्या, म्हणजे पोरांना कळेल काय बघणार आहेत. मोठे लेआउट आणि एकेकटी मॉडेलं यांचे गट वेगळे करा, त्यांची एकमेकांशी स्पर्धा लावूच नका. परीक्षक तीन ठेवा, त्यातले दोन तरी रेल्वेत हाताने काम केलेले, एखादा शेडमधला आणि एखादा ट्रॅकवरचा, आणि तिसरा चित्रकलेचा शिक्षक चालेल, रंगाचं त्याला जास्त कळतं. प्रत्येक टेबलापुढे किमान पाच मिनिटं थांबायचं आणि बनवणाऱ्याशी बोलायचं. मार्कांचा कागद मराठीत तयार करून द्यायला मी बसतो, पट्टी, व्हर्निअर आणि भिंग घेऊन मी स्वतः येतो, सोबत आमच्या शॉपमधले दोघे-तिघे यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. मानधन नको. आयोजकांनी आपल्या ऑफिसमार्फत कळवलं तरी चालेल, माझा पत्ता पत्राच्या मागे दिलाय, तो छापू नका.

आणि तो पीजेवाला पोरगा किंवा त्याचे आई-वडील हे वाचत असतील तर त्यांनी पण पेपरच्या ऑफिसला निरोप ठेवा. माझ्याकडे नऊ मिलिमीटरचा थोडा ट्रॅक आणि दोन बोग्या पडून आहेत, त्याला दुसरा डबा बनवायला उपयोगी पडतील.

आपला,
एक रिटायर रेल्वे फिटर
भुसावळ, जि. जळगाव